शुभमंगल पॅकेज

मुलगी बघायला आलेल्या चंद्रभागाबाई ओव्हाळांनी आल्या आल्या दीक्षाची खुर्ची खिडकीकडे सरकवून घेतली. "उजेडात माणूस बरं दिसतं," त्या म्हणाल्या. खरं तर उजेड त्यांना फक्त दीक्षाच्या हनुवटीवर हवा होता. तिथे चार-पाच राठ काळे केस होते. एरवी दीक्षा दर पंधरा दिवसांनी पार्लरला जाऊन ते काढायची. जूनमध्ये शाळा-कॉलेजांच्या प्रवेशांमुळे दाखल्यांची गर्दी उसळली आणि या खेपेला ते राहून गेलं.

दीक्षा रोकडे अठ्ठावीस वर्षांची होती. खालापूरला दाखले मिळतात त्या केंद्रात ती खिडकीवर बसायची. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा, कसलाही दाखला असो, अर्जाला काय जोडायचं राहिलंय ते ती कागद हातात न घेता सांगायची. वडील कोंडीराम खोपोलीच्या एका कागद कारखान्यातून रिटायर झालेले. समोरचा माणूस काहीही बोलला तरी "बरोबर हाय" म्हणण्यात त्यांची हयात गेली होती. आई जनाबाई कमी बोलायची आणि सकाळ-संध्याकाळ साखरेची गोळी घ्यायची.

मुलगा प्रीतम एकतीस वर्षांचा. खोपोलीच्या शिळफाट्यावर त्याची स्वतःची जिम होती. जिमच्या दारावर त्याचाच फोटो लावलेला होता, उघडं अंग, त्यावर तेल, दंडावर दोरखंडासारख्या शिरा. हा फोटो तीन वर्षांपूर्वीचा, जिल्ह्याच्या स्पर्धेत तिसरा नंबर आला तेव्हाचा. दंड अजून तसेच होते, पण मधल्या काळात पोट त्यांच्या पुढे निघून गेलं होतं. टी-शर्ट एक माप लहान घालून तो दोघांनाही आवळून ठेवायचा.

पोह्यांची बशी पुढे आली तशी त्याने हाताने मागे सारली. "मी कार्ब घेत नाय," तो म्हणाला आणि पिशवीतून स्वतःचा डबा काढला. डब्यात उकडलेली आठ अंडी होती, सगळ्यांतलं पिवळं काढून टाकलेलं. ती संपल्यावर त्याने त्याच पिशवीतून आंब्याच्या रसाची मोठी बाटली काढली आणि उभ्या उभ्या रिकामी केली. तो रस त्याच्या शास्त्रात फळ म्हणून धरला जायचा.

चहा आल्यावर चंद्रभागाबाईंनी पदर सावरला. "आता सरळ बोलते, राग मानू नका. माझ्या नणंदेची सून. दिसायला लाखात एक. तीन वर्षं झाली, पाळणा नाय. डॉक्टरकडं नेली तर म्हणं पीसीओडी, पाळीचा घोळ. आता लग्नाआधी कोण बोलतंय? म्हणून मी ठरवलंय. पत्रिका आपल्यात बघत नाय, ते बरंच हाय. पण रिपोर्ट बघायचा. हार्मोनचा."

"वैज्ञानिक दृष्टिकोन हाय ह्यो," बाजूला बसलेले बुधाजीमामा म्हणाले. चंद्रभागाबाईंचे हे भाऊ. स्थळ त्यांनीच आणलं होतं.

"बरोबर हाय," कोंडीराम म्हणाले.

दीक्षाने आईकडे बघितलं. जनाबाई बशीतल्या पोह्यांकडे बघत होती. मग दीक्षा बोलली ती खिडकीवरच्या आवाजात, ज्यात राग नसतो आणि माघारही नसते.

"एका बाजूचा कागद चालत नाही, काकी. दोन्ही बाजूंचे जोडावे लागतात."

"म्हंजे?"

"म्हणजे यांचाही रिपोर्ट पाहिजे."

बुधाजीमामांचा चमचा तोंडाशी थांबला. चंद्रभागाबाई हसल्या. "अगं, त्याचा कशाला? त्याला काय झालंय? दंड बघ की जरा."

"असू दे, आई," प्रीतम म्हणाला. "देतो मी. माझा रिपोर्ट बघून लॅबवालाच सेल्फी मागंल."

सोमवारी सकाळी उपाशीपोटी सगळे शिळफाट्यावरच्या लॅबमध्ये जमले. लॅबमध्ये सुनील नावाचा माणूस रक्त घ्यायचा. लग्नाचं कळताच त्याने एक रंगीत कागद पुढे केला. नवरा-नवरीसाठी खास शुभमंगल पॅकेज, हार्मोन, थायरॉईड आणि तीन महिन्यांची साखर, सगळं एकत्र.

"आमच्यात मंगल परिणय म्हणतात," कोंडीराम हळूच म्हणाले.

"नाव कायपण घ्या काका, सुई तीच हाय," सुनील म्हणाला.

फॉर्मवर एक रकाना होता, कुठली औषधं किंवा इंजेक्शनं घेता का. दीक्षाने भराभर 'नाही' लिहिलं. शेजारी प्रीतमचं पेन तिथे येऊन थांबलं. त्याने एकदा आईकडे बघितलं, मग 'नाही' लिहिलं, आणि वर पूर्णविरामही दिला. अर्जांवरच्या अशा पूर्णविरामांचा दीक्षाला सहा वर्षांचा अनुभव होता.

पॅकेज जोडीचं असल्यामुळे दोघांचेही रिपोर्ट दोन्ही घरच्या फोनवर एकदमच आले.

ओव्हाळांच्या घरी वाचनाचं काम बुधाजीमामांकडे होतं. तरुणपणी ते सहा महिने एका दवाखान्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते, त्यामुळे घराण्यात कोणाचाही रिपोर्ट आला की आधी त्यांच्याकडे जायचा. त्यांनी चष्मा लावला आणि दीक्षाच्या रिपोर्टवर बोट ठेवलं.

"टेस्टोस्टेरॉन. हाय."

"हाय ना? मग झालं तर."

"अगं तसं हाय नव्हं. विंग्रजी हाय. म्हंजे जास्ती."

"काय जास्ती?"

"पुरुषाचं हार्मोन असतंय ते. हिच्यात जास्ती हाय."

चंद्रभागाबाईंनी छातीवर हात ठेवला. हनुवटी त्यांनी बरोबर हेरली होती, याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दुःखापेक्षा ठळक दिसत होतं. "आता प्रीतमचं वाच," त्या म्हणाल्या.

"टेस्टोस्टेरॉन. लो."

"लो म्हंजे?"

आपण आत्ताच आपल्या तोंडाने काय सांगितलं ते बुधाजीमामांना आठवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "लो म्हंजे शांत," ते म्हणाले. "बीपी लो असतंय तसं. तापट माणसाला हाय निघतं."

"आणि खाली काय लिवलंय?"

"शुगर. हाय."

"ती आता कुणाला नाय?" चंद्रभागाबाई म्हणाल्या, आणि प्रीतम पास झाला.

त्याच संध्याकाळी त्यांनी कोंडीरामांना फोन केला. लांबण लावली नाही. "तुमच्या पोरीत पुरुष निघाला," त्या म्हणाल्या. "आमाला सून पायजे. दुसरा पोरगा नको."

"बरोबर हाय," कोंडीराम सवयीने बोलून गेले. फोन ठेवल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं. ते कॉटवर बसले ते जेवायलाही उठले नाहीत. दीक्षाने ताट आणून समोर ठेवलं तर तिच्याकडे बघवेना म्हणून भिंतीकडे बघून जेवले.

बातमी खोपोलीहून खालापूरला एसटीपेक्षा लवकर पोचली. दोन्ही गावांत तशी बोलायला बरीच कामं होती, रस्ते उखडलेले होते, पाणी दिवसाआड येत होतं. पण एका मुलीच्या हनुवटीएवढा जिव्हाळ्याचा विषय लोकांना बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता. रविवारी विहारात वंदना झाल्यावर बायका जनाबाईशी फार मायेने बोलल्या. इतक्या मायेने त्या तिच्याशी आजवर कधीच बोलल्या नव्हत्या. बुधवारी आळीतला हिरू दाखल्याच्या खिडकीवर आला आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "मॅडम, नाव बदलून बाईचा पुरुष करायचा असंल तर अर्ज हितंच घेता का? माझं नाय, सहज विचारतो."

रांग हसली. दीक्षाने त्याचे कागद चाळले.

"रेशनकार्डाची झेरॉक्स नाही जोडलेली," ती म्हणाली. "जोडून या. पुढचे."

हिरू झेरॉक्स काढायला गेला. दीक्षाने पुढचे अकरा अर्ज घेतले, मग पाणी पिऊन येते असं सांगून मागच्या जिन्यात जाऊन बसली. तिथे तिने पहिल्यांदा स्वतःच्या हनुवटीला हात लावला आणि तो बराच वेळ तसाच ठेवला.

शनिवारी ती आईला घेऊन खोपोलीला डॉक्टर मनाली भालेरावांकडे गेली. जनाबाईची गोळी त्यांच्याकडूनच चालू होती. डॉक्टर तरुण होत्या, भरभर बोलायच्या, पण बोलताना पेशंटकडे बघायच्या. त्यांनी दीक्षाचा रिपोर्ट वाचला, मान वाकडी करून तिच्या मानेवरची काळसर पट्टी बघितली.

"पाळी?"

"दोन-दोन महिने येत नाही."

"कधीपासून?"

"बारावीपासून. सगळे म्हणायचे, लग्न झालं की होईल सुरळीत."

"लग्नाला फार कामं लावून ठेवलीत लोकांनी," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी रिपोर्ट तिच्याकडे फिरवला. "हे बघ. पुरुषाचं हार्मोन म्हणतात ते प्रत्येक बाईत असतं. थोडं. तुझं थोड्यापेक्षा थोडं जास्त आहे, अठ्ठ्याहत्तर. याने कोणी पुरुष होत नाही. मला काळजी आहे ती या खालच्या ओळीची. इन्सुलिन."

"साखर तर नाहीये मला."

"अजून नाही. पण तीन महिन्यांची सरासरी पाच पॉईंट नऊ आहे, म्हणजे उंबऱ्यावर आहे. जेवलेलं रक्तातून अंगात न्यायचं काम इन्सुलिन करतं. तुझं शरीर त्याचं ऐकत नाही, म्हणून ते जास्त जास्त तयार होतं. ते वाढलं की अंडाशयाला चेव येतो आणि तिथे हे हार्मोन वाढतं. आणि हे वाढलं की शरीर इन्सुलिनचं आणखी ऐकेनासं होतं. दोघं एकमेकांना ढकलत बसतात. केस, पाळी हे वरवर दिसतं. आत साखर येऊन बसते, ती कोणी खिडकीच्या उजेडात बघायला येत नाही."

"म्हंजे माझ्यासारखं," जनाबाई म्हणाली. एवढ्या वेळात ती पहिल्यांदाच बोलली.

"तुमचं दुसऱ्या वाटेने आलं, मावशी. बाईच्या अंगातलं बाईचं हार्मोन इन्सुलिनला हात देतं. पाळी गेली की ते कमी होतं, चरबी पोटाकडे सरकते, आणि साखरेला मोकळं रान मिळतं. सगळ्यांनाच होतं असं नाही. पण जपावं लागतं."

दीक्षाने फोन हातात घेतला. "आणि पुरुषातच पुरुषाचं हार्मोन कमी असेल तर?"

"उलटं आहे. बाईत ते वाढलं की साखरेचा धोका, पुरुषात ते घटलं की साखरेचा धोका. पोट सुटलं की ते घटतं, घटलं की पोट आणखी सुटतं. बॉडी करायला बाहेरून इंजेक्शनं घेतात, त्यांचं तर शरीर स्वतः बनवायचंच थांबवतं. इंजेक्शन बंद केलं की दोन्हीकडून ठणठणाट."

दीक्षाने फोनवर दुसरा रिपोर्ट उघडला आणि पुढे केला. डॉक्टरांनी नाव बघितलं आणि फोन उलटा करून टेबलावर ठेवला. "हा माझा पेशंट नाही. मी वाचणार नाही. पण ज्याचा आहे त्याने वाचून घ्यावा, असं त्याला सांग."

परत येताना दीक्षाने रिक्षात तो स्वतःच वाचला. वाचायला अवघड काहीच नव्हतं. एका रकान्यात आकडा होता, शेजारच्या रकान्यात तो किती असायला हवा ते होतं. पुरुषाला तीनशेच्या वर हवं, प्रीतमचं एकशे अडुसष्ट होतं. तीन महिन्यांची साखर साडेसहाला पोचली की मधुमेह, त्याची सात पॉईंट चार होती. सेल्फी मागावी असं त्यात काही नव्हतं.

घरी कोंडीरामांना हे कळलं तेव्हा त्यांच्यात एकदम जोर आला. समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चारशे माणसं होती. "टाकून दे त्यात," ते म्हणाले. "बघू दे सगळ्यांना. दारावर उघडा फोटो लावतो तो."

दीक्षाने ग्रुप उघडला. बोट दाबलं की झालं असतं. चारशे माणसांना आणखी एक हनुवटी मिळाली असती. तिने बराच वेळ विचार केला. त्या विचारात दया फार नव्हती, रागच जास्त होता. पण टाकलं तर आपण चंद्रभागाबाईंच्या पंक्तीला जाऊन बसू, आणि तिथे शेजारी हिरू असेल, हे तिला आवडेना. तिने फोन बंद केला.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती शिळफाट्याला गेली. दुपारी दोनला जिम रिकामी होती. प्रीतम बाकावर आडवा झाला होता, शेजारी रसाची बाटली. तिला बघून तो उठून बसला आणि आधी पोट आत ओढलं.

"तुमचा रिपोर्ट वाचलात का?" तिने विचारलं.

"आईने सांगितलं, ओके हाय."

तिने फोन त्याच्या हातात दिला आणि दोन ओळी दाखवल्या. त्याने त्या वाचल्या. परत वाचल्या. मग दाराकडे बघितलं.

"कोणाला सांगितलंत?"

"पहिला प्रश्न हाच असणार हे रिक्षात बसतानाच माहीत होतं मला."

"हळू बोला." जिममध्ये आरशांशिवाय कोणी नव्हतं. पण चारही भिंतींवर आरसेच होते, आणि प्रत्येकात एक घामाघूम प्रीतम बसला होता. "मशीन बिघडलं असंल त्यांचं."

"असेल. फॉर्मवरही बिघाड होता. इंजेक्शनं घेता का, तिथे तुम्ही नाही लिहिलंत."

त्याने बाटली हातात घेतली, परत ठेवली. "बंद करून दीड वर्ष झालं," तो म्हणाला. "स्पर्धेसाठी घेत होतो. तिघं-चौघं घ्यायचे, त्यांच्याकडून कळलं. तेव्हा अंगात वाघ असायचा. बंद केल्यापासून दुपारी जेवलो की डोळा लागतो. वजन उचलायला जीव होत नाय. सकाळी उठावंसं वाटत नाय. म्हटलं वय झालं."

"एकतिसाव्या वर्षी?"

"बाबांना पण होती साखर. पाय कापला त्यांचा. मी नववीत होतो." हे बोलताना त्याने पहिल्यांदा पोट सैल सोडलं. "अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले."

दीक्षाच्या मनात बरंच काही बोलायचं होतं. हनुवटीबद्दल, हिरूबद्दल, भिंतीकडे बघून जेवलेल्या वडिलांबद्दल. समोरच्या माणसाकडे बघून त्यातलं निम्मं गळून पडलं.

"मी कोणाला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही," ती म्हणाली. "डॉक्टरकडे जा. इंजेक्शनाचं खरं सांगा. आणि हा रस बंद करा, तो फळ नाही. पण माझं एक काम आहे. तुमच्या आईने माझ्याबद्दल गावभर जे सांगितलं, ते तसं नाही, हे तुम्ही त्यांना सांगा. दोन्ही रिपोर्ट समोर ठेवून. आणि त्यांनी जिथे जिथे सांगितलंय तिथे तुम्ही स्वतः सांगा."

"सांगतो," प्रीतम म्हणाला. "शप्पथ सांगतो."

त्याने सांगितलं, पण अर्धंच. आठ दिवसांनी चंद्रभागाबाई आणि बुधाजीमामा पुन्हा रोकडेंच्या दारात उभे राहिले. प्रीतम बरोबर नव्हता. चंद्रभागाबाईंच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. साखरेच्या उंबऱ्यावर असलेल्या मुलीच्या घरी, साखरेची गोळी घेणाऱ्या तिच्या आईच्या हातात, साखर निघालेल्या मुलाची आई अर्धा किलो पेढे ठेवत होती.

"झालं गेलं इसरून जा," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "आमी मोठ्या मनानं आलोय. प्रीतमचं मला कळलं. कुणात काय नसतं? पोरगी समजूतदार हाय, तोंडाची घट्ट हाय, नोकरीला हाय. आमाला पसंत हाय."

"आणि जो पुरुष निघाला होता तो?" दीक्षाने विचारलं.

चंद्रभागाबाईंनी त्याचाही बंदोबस्त करून आणला होता. "मी इचार केला त्याचा. तुझ्यात जास्ती हाय, त्याच्यात कमी हाय. संसारात दोघं मिळून बरोबर होईल."

"सरासरी नॉर्मल येते," बुधाजीमामा म्हणाले. "मी काढली कॅलक्युलेटरवर."

"सरासरी एकशे तेवीस येते, मामा," दीक्षा म्हणाली. "ती बाईला फार जास्त आणि पुरुषाला फार कमी."

बुधाजीमामांनी फोन काढून पुन्हा आकडेमोड सुरू केली. चंद्रभागाबाईंनी जनाबाईकडे पाणी मागितलं. आल्यापासून हा त्यांचा चौथा पेला होता, आणि मधे दोनदा त्या मोरीकडे जाऊन आल्या होत्या. जनाबाईने पाणी दिलं नाही. ती आत गेली आणि साखर तपासायचं छोटं यंत्र घेऊन बाहेर आली.

"हात द्या," ती म्हणाली.

"माझा? माझा कशाला?"

"मुलीचा बघितला, मुलाचा बघितला. आता आयांचा बघू."

एवढं सरळ सांगितल्यावर हात मागे घेणं चंद्रभागाबाईंना जमलं नाही. टोचल्यावर त्यांनी डोळे मिटले. यंत्राने थोडा वेळ घेतला आणि दोनशे शहाऐंशी दाखवलं.

"आत्ता पेढा खाल्ला ना मी येताना," त्या म्हणाल्या.

"एका पेढ्यानं एवढी होत नाय. मी रोज बघते." जनाबाई त्यांच्या शेजारी खाली बसली. "पाळी कधी गेली तुमची?"

बुधाजीमामा चपला नीट लावायला म्हणून उठून बाहेर गेले.

"पाच वर्षं झाली," चंद्रभागाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या.

"आणि पोट? आधी असं होतं?"

"नाय."

"पायाला मुंग्या?"

चंद्रभागाबाईंनी मान हलवली. त्यांच्या नवऱ्याला आधी मुंग्या यायच्या, मग जखम झाली, मग पाय गेला. हे सगळं त्यांनी जवळून बघितलं होतं. दुसऱ्याच्या मुलीच्या हनुवटीवरचे चार केस ओळखणाऱ्या या बाईला पाच वर्षं स्वतःचे पाय ओळखता आले नव्हते.

"मला वाटायचं वयानं होतंय," त्या म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

"उद्या उपाशी या. आपण दोघी डॉक्टरणीकडं जाऊ. ती लॅबमधनं नीट बघून घेईल. तिथं ओरडत नाय कोण." जनाबाईने आता पाणी आणून दिलं.

चंद्रभागाबाई पाणी प्यायल्या, तोंड पुसलं. मग आपण कशासाठी आलो होतो ते त्यांना आठवलं. "आणि सोयरिकीचं?"

"नाही, काकी," दीक्षा म्हणाली. "आणि हे त्यांच्या रिपोर्टमुळे नाही. रिपोर्ट माझाही तसलाच आहे. तुम्ही माझ्याबद्दल जे लोकांना सांगितलं ते खोटं होतं, हे त्यांना कळलं होतं. ते सांगायला त्यांनी स्वतः यायचं होतं. ते आले नाहीत. तुम्हाला पाठवलं, पेढे देऊन."

चंद्रभागाबाईंनी कोंडीरामांकडे बघितलं. ते कुणालाही नाही म्हणत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. कोंडीराम नाही म्हणाले नाहीतच. ते उठले, पुड्याची दोरी पुन्हा बांधली, आणि तो दारात उभ्या असलेल्या बुधाजीमामांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी आया डॉक्टर मनालींच्या दवाखान्यात एका बाकावर बसल्या. तिथून पुढे दर महिन्याला बसायला लागल्या. जनाबाईने चंद्रभागाबाईंना कोणत्या तांदळाचा भात किती घ्यायचा ते शिकवलं. मैत्री म्हणावी असं त्यांच्यात काही झालं नाही, पण नंबर लवकर लागलेली दुसरीसाठी थांबायची.

प्रीतमही गेला डॉक्टरकडे, पनवेलला, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून. तिथे त्याला इंजेक्शन मिळालं नाही, गोळ्या मिळाल्या आणि रोज तासभर चालायला सांगितलं. त्याचं वजन सात किलो उतरलं, हार्मोन थोडं वर आलं. जिममधल्या पोरांना तो सांगतो की स्पर्धेसाठी कटिंग, म्हणजे चरबी उतरवणं, चालू आहे. दारावरचा फोटो त्याने काढलेला नाही.

दीक्षा सुट्टीच्या दिवशी पळसदरीच्या धरणावर जाऊन चालून येते. गोळी चालू आहे. पाळी आता महिन्याच्या महिन्याला येते, आणि तीन महिन्यांची साखर पाच पॉईंट सहावर आली आहे. केस अजून आहेत. आठवण झाली तर पार्लरला जाते, नाही झाली तर तशीच खिडकीवर बसते. मधे दोन स्थळं येऊन गेली. दोन्ही वेळा तिने आपला रिपोर्ट आधी पुढे केला आणि मुलाचा मागितला. दोन्ही मुलांनी आणून देतो म्हणून सांगितलं. ते अजून लॅबमध्येच असावेत.

चंद्रभागाबाईंची साखर आता आटोक्यात आहे. विहारात बायका चौकशी करतात, एवढी धडधाकट बाई, हे कुठनं आलं म्हणून. तेव्हा त्या पदर सावरतात, आवाज खाली आणतात, आणि सांगतात की पोराचं जमत आलेलं लग्न मुलीकडच्यांनी मोडलं, त्या धक्क्यानं आलं.